असणं, नसणं आणि लकडी पूल: अस्तित्ववाद नव्याने वाचणाऱ्यांसाठी

फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रचा जाडजूड ग्रंथ विकत आणायचा आणि पहिल्या पानापासून वाचायला बसायचं, हा अस्तित्ववादाकडे, म्हणजे माणसाचं असणं, निवड आणि स्वातंत्र्य यांपासून सुरू होणाऱ्या विचाराकडे, जाण्याचा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कुचकामी रस्ता. ‘असणं आणि नसणं’ अशा अर्थाच्या नावाचा हा ग्रंथ १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, गालिमार या प्रकाशनाने काढला. मूळ फ्रेंच पानं सातशेच्या वर. प्रस्तावनेचे सहा तुकडे हुसेर्ल आणि हायडेगर हे जर्मन तत्त्वज्ञ पचवलेल्या वाचकासाठी लिहिलेले आहेत. नवखा वाचक विसाव्या-पंचविसाव्या पानावर खूण घालतो आणि पुस्तक कपाटात जातं. खूण वर्षानुवर्षं तिथेच राहते.

इथे रस्ता उलटा धरला आहे. आधी शब्द, मग पुण्यातल्या पुण्यात करता येतील असे दोन-तीन प्रयोग, मग कल्पना, आणि ग्रंथ शेवटी. रोज अर्धा तास दिलात तर आठ ते दहा आठवडे लागतील. सामान म्हणाल तर एक दोनशेपानी वही, पेन्सिल आणि पायी फिरायची तयारी. तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. संस्कृत दर्शनांची ओळख असेल तर तिचा उपयोग आहे, आणि धोकाही आहे. त्याचं पुढे येईलच.

पहिली पायरी: शब्द लावून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर ‘शून्यता’ हा शब्द लिहा आणि त्यावर काट मारा. ग्रंथाच्या नावातल्या फ्रेंच ‘नेआं’साठी मराठीत हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात. ‘शून्य’ म्हटलं की गणितातलं शून्य येतं, मागोमाग बौद्धांची शून्यता येते, आणि ‘आयुष्यात शून्यता आली’ छापाची उदासीही येते. सार्त्रला या तिन्हींतलं काहीच म्हणायचं नाही.

त्याऐवजी ‘नसणं’ लिहा. मराठीकडे इथे एक घरचीच सोय आहे. ‘असणं’ला जोडीचं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं क्रियापद आपल्याकडे आहे: नसतो, नसेल, नसावा, नसलेला, नसताना. हिंदीला यासाठी ‘न होना’ असं जोडकाम करावं लागतं. ‘नसताना’ हा एक शब्द नीट उलगडता आला तर पहिल्या प्रकरणाचा बराच भाग हाती लागतो.

क्रियापद वापरण्याचा आणखी एक फायदा आहे. हायडेगरने जुलै १९२९ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात ‘तत्त्वमीमांसा म्हणजे काय?’ हे भाषण दिलं. त्यातलं एक जर्मन वाक्य गाजलं. मराठीत ते ‘नसणं नसवतं’ (म्हणजे नसणं घडवून आणतं) असं काहीसं होईल. तर्कशास्त्राच्या बाजूचा तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप याने पुढे १९३२ च्या सुमारास त्या वाक्याची चिरफाड केली. त्याचं म्हणणं असं: ‘काही नाही’ हा नुसता नकार आहे, हायडेगर त्याचं नाम करतो, त्याला कर्त्याच्या खुर्चीत बसवतो आणि मग तो काय करतो म्हणून विचारत बसतो, हा सगळा व्याकरणाचा चकवा. आता हेच मराठीत करून पाहा. ‘दारात कोण आहे?’ ‘कोणी नाही.’ या उत्तराला कर्ता करून ‘कोणी नाही दारात उभं आहे’ म्हणा बरं. वाक्यच मोडतं. मराठीत नकार क्रियापदाला चिकटून राहतो, तो सहजासहजी वस्तू होत नाही. म्हणून मराठी वाचकाने ‘नसणं ही काय चीज आहे?’ असं विचारायचंच नाही. ‘कोण नाही, कुठे नाही, कोणासाठी नाही?’ असं विचारायचं. ही सवय लागली की कार्नापच्या आक्षेपाची बरीचशी धार बोथट होते.

आता वहीत तीन रकाने आखा: नाही, नव्हे, नको. प्रत्येकात पाच-पाच वाक्यं लिहा. ‘खिशात पेन नाही.’ ‘हे पेन नव्हे, पेन्सिल आहे.’ ‘पेन नको.’ हल्ली बोलताना ‘नव्हे’चं कामही ‘नाही’च उरकतं, त्यामुळे दुसरा रकाना भरताना अडखळायला होईल. वाक्यात ‘नव्हे’ घालून अर्थ टिकतो का ते तपासा; टिकला तर ते वाक्य दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना अनुपस्थितीचा, दुसरा वेगळेपणाचा, तिसरा माणसाने दिलेल्या नकाराचा. हा तिसरा रकाना सार्त्रच्याही डोळ्यांपुढे आहे. पहारेकरी, तुरुंगाधिकारी यांचं समाजातलं अख्खं अस्तित्वच एक ‘नाही’ असतं, असं तो लिहितो. सोसायटीचा वॉचमन डिलिव्हरीवाल्याला गेटवर अडवतो तेव्हा नेमकं हेच दिसतं.

हे पान फाडू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन शब्दांवर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: चार वाजताची भेट

सार्त्रचं गाजलेलं उदाहरण असं आहे. पिएरला चार वाजता कॅफेत भेटायचं ठरलंय, तुम्ही पाव तास उशिरा पोचता, पिएर वेळेचा पक्का आहे, आणि तो तिथे दिसत नाही. हे उदाहरण वाचून कळल्यासारखं वाटतं, पण खरं कळत नाही. ते करावं लागतं.

इथे एक अडचण आहे. मित्राला आधीच ‘तू येऊ नकोस, मला एक प्रयोग करायचाय’ असं सांगून ठेवलंत तर प्रयोग फसतो, कारण वाट पाहणंच संपलेलं असतं. मुद्दाम घडवून आणता येत नाही अशी ही गोष्ट आहे. म्हणून वही जवळ ठेवा आणि आपोआप घडू द्या. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात डेक्कन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या गर्दीच्या हॉटेलात कोणाला तरी खरोखर भेटायचं ठरवत राहा. पुण्याची रहदारी उरलेलं काम करेल. फोन पहिली पाच मिनिटं खिशात ठेवा. ‘पोचतोय, दोन मिनिटं’ असा मेसेज दिसला की पाहण्यासारखं जे होतं ते निघून जातं.

दारात उभं राहून आत नजर टाका आणि काय होतं ते टिपा. हॉटेल गच्च भरलेलं आहे. टेबलं, स्टीलचे पेले, डोशाचा वास, ‘एक सांबार जास्त’ अशी हाक, आरसे, माणसं. कुठेही तसूभर रिकामी जागा नाही. तरी तुम्ही मित्राला शोधताय म्हणून ते सगळं मागे सरतं, पडद्यासारखं सपाट होतं. एखादा चेहरा क्षणभर पुढे येतो (‘हाच का?’) आणि पुन्हा गर्दीत बुडतो. असं सात-आठ चेहऱ्यांचं झालं की हॉटेलभर एकच गोष्ट पसरलेली असते: तो नाही. सार्त्र इथे दुहेरी नसवणं दाखवतो. आधी हॉटेल ‘नुसती पार्श्वभूमी’ होऊन विरतं, आणि मग त्या विरलेल्या पार्श्वभूमीवर मित्राचं नसणं लकलकतं. हे अनुमान नव्हे. आधी सगळी टेबलं मोजली आणि मग निष्कर्ष काढला, असं झालेलं नसतं. त्याचं नसणं जवळजवळ डोळ्यांना दिसतं.

आता त्याच दारात उभं राहून म्हणा: ‘थोरले बाजीराव या हॉटेलात नाहीत.’ विधान शंभर टक्के खरं, पण काहीही घडत नाही. हॉटेल मागे सरत नाही, कोणाची वाट पाहिली जात नाही. सार्त्रही इंग्रज सेनापती वेलिंग्टन आणि फ्रेंच कवी पोल व्हालेरी ही नावं घेऊन हाच फरक दाखवतो. एक नकार नुसता विचारातला असतो, तर दुसऱ्या नकारात जगच वेगळं मांडलं जातं. या दोन विधानांसमोर वहीत काय-काय बदललं ते लिहा. चार-पाच ओळी पुरेत, पण त्या जागेवरच लिहा. घरी जाऊन लिहिलेल्या ओळींत ‘खूप एकटं वाटलं’ अशी भर पडते, आणि तो मुद्दाच नाही. मित्र येणार नसल्याचा आनंद झाला असता तरी त्याचं नसणं तितकंच ठळक दिसलं असतं.

जाता जाता लकडी पुलावरून जा. त्या पुलात लाकूड नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला याचं काहीच वाटत नाही, त्याच्यासाठी ‘लकडी पूल’ हे नुसतं नाव आहे. बाहेरगावाहून पहिल्यांदा आलेला पाहुणा मात्र कठड्याकडे बघून विचारतो, ‘लाकूड कुठंय?’ दगड तेच, नदी तीच. पाहुण्यासाठी तिथे लाकूड नाही. पुणेकरासाठी तिथे लाकडाचं नसणंही नाही. पहिल्या प्रकरणाचा गाभा या एवढ्यात येतो, आणि पॅरिसच्या कॅफेपेक्षा आपल्याला तो इथे लवकर कळतो.

तिसरी पायरी: शनिवारवाड्यात वीस मिनिटं

दिल्ली दरवाजाने आत गेलात की डोळ्यांसमोर जोती, पायऱ्या, हिरवळ आणि कारंज्याचं हौदासारखं बांधकाम. १७३२ मध्ये बांधून झालेला हा वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतून जळून गेला. तट आणि दरवाजे उरले. एखाद्या जोत्यापाशी बसा आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘आहे’, उजवीकडे ‘नाही’. डावीकडे दगड, चुना, गवत, शाळेची सहल. उजवीकडे मजले, दालनं, लाकडी खांब, माणसं.

आता उजवा रकाना एकेक करून वाचा आणि विचारा: यातलं काय त्या दगडाला ठाऊक आहे? जोत्याचा दगड ‘उरलेला’ नाही. तो फक्त आहे, पुरेपूर आहे. ‘उरलेला’ हा शब्दच वाड्याची आठवण ठेवणारं कोणीतरी असल्याशिवाय उच्चारता येत नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. निसर्गाच्या हिशेबात त्या दिवशी पाणी, माती, विटा, लाकूड यांची जागा बदलली. आधी एक मांडणी होती, नंतर दुसरी. काहीही ‘कमी’ झालं नाही. वादळाबद्दल आणि भूगर्भातल्या उलथापालथीबद्दल सार्त्र अगदी हेच म्हणतो: नासधूस व्हायला आधी साक्षीदार लागतो, जो ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांची तुलना करतो, आणि ज्याच्यासाठी घर ही जपायची, म्हणजेच मोडू शकणारी, गोष्ट असते.

इथे नवखे वाचक हटकून घसरतात. ‘म्हणजे नुकसान मनाचा खेळ आहे,’ असं म्हणून मोकळे होतात. पुरात घर गेलेल्या माणसासमोर हे वाक्य बोलून पाहायची गरज नाही. ते तत्त्वज्ञान म्हणूनही चुकीचं आहे. नासधूस माणसामुळे जगात येते, पण आल्यावर ती वस्तुनिष्ठच असते, असं सार्त्र स्पष्ट लिहितो. घर नाही, आणि ते नसणं कोणाच्या मतावर अवलंबून नाही.

या टप्प्यावर फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँचा आक्षेप जाणून घ्या, कारण सार्त्र त्याला मनातल्या मनात उत्तर देत असतो. बर्गसाँ १९०७ मध्ये म्हणाला होता की ‘काहीच नाही’ ही कल्पना मुळात बनावट आहे. आपण एक वस्तू मनातून पुसतो तेव्हा तिथे दुसरी ठेवतोच, आणि वर आपली निराशा तेवढी मिसळतो. वाडा नाही म्हणजे हिरवळ आहे, एवढंच. सार्त्रला यातलं पहिलं निम्मं मान्य आहे: जगाच्या बाजूने सगळं भरगच्च आहे. पण मग नसणं येतं कुठून? प्रश्न विचारणाऱ्याकडून. ‘वाडा कुठे होता?’ असं विचारायला माणसाला समोरच्या भरगच्च जगापासून एक पाऊल मागे घ्यावं लागतं, आणि हे मागे घेतलेलं पाऊल कोणत्याही वस्तूचं बनलेलं नसतं. ज्याच्यामुळे नसणं जगात येतं, त्याच्या स्वतःच्या असण्यातच नसणं असलं पाहिजे. या वाक्यावर थांबा. दोन दिवस थांबलात तरी चालेल.

चौथी पायरी: असण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार ‘आन-स्वा’, मराठीत ‘नुसतं असणं’ म्हणू. पर्वतीच्या पायरीचा दगड. त्याच्याबद्दल सार्त्रची तीनच विधानं आहेत: ते आहे, ते आपल्यातच आहे, ते जे आहे तेच आहे. दगडाला दगड होण्यासाठी काही करावं लागत नाही आणि दगड नसण्याची त्याला सोयही नाही.

दुसरा ‘पूर-स्वा’, ‘स्वतःसाठी असणं’. याचं भाषांतर ‘स्वार्थ’ या शब्दाच्या आसपास नेऊ नका, ऐकणारा लगेच आपमतलबीपणाकडे जातो. अर्थ एवढाच की हे असणं स्वतःला ठाऊक असतं, आणि ठाऊक असण्यासाठी स्वतःपासून किंचित सुटं असावं लागतं. इथे वहीतला ‘नव्हे’ कामाला येतो. मी खुर्चीकडे पाहतो तेव्हा ‘मी ती खुर्ची नव्हे’ हे न बोलता त्या पाहण्यातच असतं. मी माझ्या रागाकडे पाहतो तेव्हा तेच होतं. राग माझाच, पण पाहणारा मी राग नव्हे. म्हणूनच सार्त्र ते बदनाम वाक्य लिहितो: जाणीव जे आहे ते नसते आणि जे नाही ते असते. भूतकाळ मीच आहे, तरी मी तो आता नव्हे. उद्याचा डॉक्टर मी अजून नाही, तरी आज पहाटे उठून अभ्यास करतोय तो त्याच्याच नावाने.

हे वाक्य पाठ करू नका. चार उदाहरणं स्वतःच्या आयुष्यातली काढा आणि प्रत्येकात ‘नाही’ येतं की ‘नव्हे’ ते तपासा. दोन्हींची सरमिसळ झाली की वाक्य गूढ वाटायला लागतं, आणि गूढ वाटलं की लोकांना ते आवडायला लागतं, दोन्ही वाईट.

उंची, जन्मगाव, मातृभाषा, काल बोललेले शब्द या सगळ्याला सार्त्र जे नाव देतो त्याला ‘वस्तुस्थिती’ हा आपला रोजचा शब्द पुरतो. ती निवडलेली नसते आणि झटकताही येत नाही. पण तिच्याशी कसं वागायचं हे ती स्वतः सांगत नाही.

पाचवी पायरी: कड्यावरची घालमेल

जर्मन ‘आंग्स्ट’साठी ‘चिंता’ हा शब्द वापरला तर मुलीच्या लग्नाची आणि गृहकर्जाच्या हप्त्याची चिंता डोळ्यांपुढे येते. ‘भीती’ तर नकोच, कारण भीतीपासून वेगळं काढण्यासाठीच हा शब्द आहे. आमच्या मते ‘घालमेल’ सगळ्यात जवळचा.

सिंहगडावर जा आणि कठड्याच्या आतूनच दरी पाहा. कठडा ओलांडायची काहीही गरज नाही. पाय घसरेल, दगड सुटेल, वारा ढकलेल, ही भीती: धोका बाहेरून येतो आणि मी त्याच्यापुढे एक वस्तू असतो. मग सावध पावलं टाकायचं ठरतं आणि भीती ओसरते. त्यानंतर जे उरतं ते तपासा. सावध राहायचं मी ठरवलंय, पण पुढच्या मिनिटाला मी तसाच वागेन याची हमी कोणती? आत्ताचा निश्चय आणि पुढच्या मिनिटाचा मी, या दोघांच्या मध्ये काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ म्हणजेच स्वातंत्र्य, आणि त्याची जाणीव म्हणजे घालमेल.

हीच गोष्ट मागच्या बाजूनेही दिसते. सार्त्रचा जुगारी काल शपथ घेऊन आलाय, आज पटासमोर बसल्यावर त्याला कळतं की शपथ आठवते आहे पण अडवत नाही. १ जानेवारीला सिगारेट सोडणाऱ्यांना हे ५ जानेवारीपर्यंत समजलेलं असतं. निश्चय मीच केला होता, पण मी तो निश्चय नव्हे. तो आज पुन्हा करावा लागेल.

कल्पनेची वंशावळ थोडक्यात. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डने १८४४ मध्ये घालमेलीला स्वातंत्र्याची घेरी म्हटलं: खोल दरीत पाहणाऱ्याला घेरी येते त्यात दरीइतकाच त्याच्या डोळ्यांचाही वाटा असतो. हायडेगरने ती उचलली आणि म्हटलं की भीतीला विषय असतो, घालमेलीला नसतो. तिच्यात सगळं जगच हातातून निसटतं आणि त्यामुळेच ‘अरे, हे सगळं आहे!’ हे प्रथम दिसतं. सार्त्रने ती पुन्हा निवडीकडे वळवली. तिघांची सरमिसळ करणारे सोपे लेख बरेच सापडतील.

एक सूचना अगदी व्यवहाराची. इथली घालमेल ही विचारांची गोष्ट आहे. झोप उडणं, छातीत धडधड, जगणं नकोसं वाटणं असं काही दिवसेंदिवस टिकून राहिलं तर पुस्तक मिटून डॉक्टरकडे जायचं. त्याला ‘अस्तित्वाचा अनुभव’ असं नाव देऊन कुरवाळत बसायचं नाही.

सहावी पायरी: स्वतःशी लबाडी

घालमेल कोणालाच सोसत नाही, म्हणून माणूस पळवाट काढतो. फ्रेंचमध्ये तिला ‘मोव्हेझ फ्वा’ म्हणतात. ‘आत्मवंचना’ हा रूढ शब्द चालेल. खोटं बोलणाऱ्याला सत्य माहीत असतं आणि तो ते दुसऱ्यापासून लपवतो. इथे फसवणारा आणि फसणारा एकच. फ्रॉइडचं अबोध मन आणून ही अडचण सुटत नाही, असं सार्त्रचं म्हणणं: आत बसलेल्या पहारेकऱ्याला काय दडपायचं हे ठाऊक असल्याशिवाय तो दडपणार कसं?

पळवाटा दोन दिशांच्या. एका बाजूला आपली म्हण उभी आहे: स्वभावाला औषध नाही. ‘मी तापटच आहे, काय करणार!’ म्हणजे मी दगडासारखा जे आहे तेच आहे. दुसऱ्या बाजूला ‘तो मी नव्हे’चा पवित्रा: काल ओरडलो तो कुणी वेगळाच, माझं खरं मन तसं नाही. पहिल्यात माणूस आपलं स्वातंत्र्य नाकारतो, दुसऱ्यात आपली वस्तुस्थिती. आठवडाभर घरात, कचेरीत, रिक्षात ऐकू येणारी अशी वाक्यं टिपून दोन गटांत लावा. पहिला गट फार लवकर भरतो. वाक्यं स्वतःचीही टिपायची. फक्त सासूची आणि साहेबांची टिपली तर तो वेगळाच उद्योग होतो.

कॅफेतल्या वेटरचं उदाहरण याच प्रकरणात आहे. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच अदबीचं. तो वेटर असण्याचा खेळ खेळतोय. वाचक दोन चुका करतात. एक, सार्त्र वेटरची टिंगल करतोय असं समजतात. खरं तर हा खेळ गिऱ्हाईकच मागतं, वाणी दिवास्वप्नात हरवलेला गिऱ्हाइकाला खपत नाही, हेही तिथेच लिहिलंय. दुसरी चूक, ‘मग त्याने प्रामाणिकपणे खरा कोण ते सांगावं’ हा उपाय. प्रामाणिकपणाही जर ‘मी खरा असा-असा आहे’ म्हणून स्वतःला वस्तूसारखं ठरवून टाकत असेल तर तोही तीच पळवाट. वेटर नक्की आत्मवंचना करतोय की नुसता खेळतोय, यावर अभ्यासक आजही भांडतात; तुम्ही आठवड्यात निकाल लावायची घाई करू नका.

सातवी पायरी, झटपट: दुसऱ्याची नजर

किल्लीच्या भोकातून डोकावणारा माणूस, आणि मागे जिन्यात पावलं वाजतात. क्षणापूर्वी तो नुसतं पाहत होता. आता तो ‘चोरून पाहणारा’ झाला. दुसऱ्याच्या नजरेत मी वस्तू होतो आणि लाज वाटते, ती या वस्तू होण्याची. फ्लॅटच्या दाराला असलेल्या भिंगापुढे उभं राहून बेल वाजवताना आपण शर्ट सारखा करतो. आत कोणी नसलं तरी करतो. हा भाग ग्रंथात सगळ्यात वाचनीय आहे, त्यामुळे इथे जास्त सांगत नाही.

आठवी पायरी: आपल्या दर्शनांशी तुलना, पण बेताने

‘हे तर आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय’ हे वाक्य पुण्यात कुठल्याही व्याख्यानानंतर ऐकू येतं. सांगून ठेवलंय खरं, पण वेगळं.

न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र, सातवा पदार्थ (म्हणजे जगातल्या गोष्टींचा मूलभूत वर्ग) मानला आणि त्याचे चार प्रकार केले. चहा होण्याआधीचं चहाचं नसणं हा प्रागभाव. कप फुटल्यावरचं कपाचं नसणं हा प्रध्वंसाभाव. वाऱ्यात रंग कधीच नसणं हा अत्यंताभाव. कप म्हणजे बशी नव्हे हा अन्योन्याभाव. शेवटच्यात ‘नव्हे’ कसा नेमका बसला पाहा. ज्याचा अभाव तो प्रतियोगी (मित्र), जिथे अभाव ते अधिकरण (हॉटेल). ही भाषा सार्त्रच्या उदाहरणाला चपखल लागते, आणि भाट्ट मीमांसकांचं ‘अनुपलब्धी’ (न दिसण्यावरून नसणं कळणं) हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, तर चार वाजताच्या भेटीसाठीच घडवल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, पण मोठा: नैयायिकांसाठी अभाव जगाच्या सामानातच आहे, तो असायला माणसाची वाट पाहणं लागत नाही. सार्त्रसाठी लागतं.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता आणखी दूरची. ‘मूलमध्यमककारिके’च्या चोविसाव्या प्रकरणात तो सांगतो की जे परस्परावलंबनाने घडतं त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. म्हणजे घड्याला स्वतःचा असा स्वभाव नाही. सार्त्रचा घडा मात्र काठोकाठ स्वतःच आहे. स्वभाव नाही तो माणसाला. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर विश्वाच्या आधीबद्दल बोलतं आणि सत् व असत् दोन्ही नव्हतं म्हणतं. तो प्रश्न सार्त्र विचारतच नाही. तुलना करायची तर नैयायिक, नागार्जुन आणि सार्त्र या तिघांसाठी एकच घडा घ्या आणि प्रत्येकजण त्याच्याबद्दल काय म्हणतो ते लिहा; मोठ्या शब्दांची तुलना केली की सगळं सारखंच दिसायला लागतं.

नववी पायरी: आता ग्रंथ

आधी मराठीतला आधार. मराठी विश्वकोशातली ‘अस्तित्ववाद’ ही नोंद आणि दे. द. वाडेकर संपादित, पुण्यातच सिद्ध झालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश संज्ञांसाठी हाताशी असू द्या. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘परामर्श’ हे मराठी नियतकालिकही चाळण्यासारखं आहे.

फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी अनुवाद दोन: हेझल बार्न्स यांचा १९५६ चा आणि सारा रिचमंड यांचा २०१८ चा. नवीन घेणार असाल तर रिचमंड घ्या. गटाने वाचत असाल तर सगळ्यांकडे एकच अनुवाद हवा. पान क्रमांक जुळत नाहीत आणि निम्मा वेळ ‘कुठल्या पानावर?’ यात जातो.

वाचायचा क्रम असा. सार्त्रचं ऑक्टोबर १९४५ चं ‘अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे’ हे व्याख्यान आधी, एका बैठकीत. ते सोपं आहे पण ढोबळ आहे, त्यातली वाक्यं ग्रंथावर लादू नका. मग पहिल्या भागाचं नकारावरचं पहिलं प्रकरण, त्यातले हेगेल-हायडेगरवरचे मधले तुकडे पहिल्या फेरीत सोडून. मग आत्मवंचनेचं प्रकरण पूर्ण. मग तिसऱ्या भागातली नजर. मग चौथ्या भागातलं स्वातंत्र्यावरचं प्रकरण. प्रस्तावना त्यानंतर, तेव्हा ती खरंच उघडते. हायडेगरचं १९२९ चं भाषण छोटं आहे, ते कुठेही मध्ये घाला, आणि १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला हे ठाऊक ठेवूनच वाचा.

गट सहा जणांचा पुरे, दहा झाले की दोघेच बोलतात. बैठक दीड तासाची, पानं आठ ते दहा. त्यातली एक दोन मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ‘नथिंग’च्या जागी नाही, नव्हे की नको ते ठरवायचं. ठरेना, तर ते वाक्य त्या आठवड्याचा गृहपाठ. ‘माणूस ही एक व्यर्थ आसक्ती आहे’ किंवा ‘माणसाला स्वातंत्र्याची शिक्षा झाली आहे’ अशी वाक्यं स्टेटसला टाकण्याआधी त्यांच्या मागची दहा पानं वाचलीत का, हे एकमेकांना निर्दयपणे विचारा. पहिलं वाक्य उदासीतून आलेलं नाही. माणसाला दगडासारखं भक्कमही व्हायचंय आणि जाणीवही सोडायची नाही, हे दोन्ही एकदम जमत नाही, असा त्यामागे युक्तिवाद आहे.

ग्रंथाच्या शेवटच्या पानांवर सार्त्र नीतीवर वेगळं पुस्तक लिहायचं वचन देतो. ते त्याने पुरं केलं नाही. त्याच्या टिपणवह्या त्याच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये छापल्या गेल्या. ‘इतकं स्वातंत्र्य आहे तर दुसऱ्याशी वागायचं कसं?’ हा प्रश्न तुम्हाला तिथे पडणारच. त्यावर फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारने १९४७ मध्ये संदिग्धतेच्या नीतीवर एक आटोपशीर पुस्तक लिहिलं आहे. ते दोन आठवड्यांत होतं. वही तीच चालेल.